कार्यक्रम नसताना चवदार तळ्यावर

आश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावासाची समाप्ती झाली. तीन महिने चाललेले ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन पूर्ण झाले, खीरदान झाले, पातेली घासून पालथी घातली. चार वाजत आले होते. घरी जाऊन पुन्हा चुलीपुढेच बसायचे, म्हणून आम्ही म्हटले, “चला, महाडला चवदार तळ्यावर जाऊन येऊ.”

“आज काय हाय तितं? कोनाचं भाषन हाय?” एका काकींनी विचारले.

“काही नाही. फिरायला जाऊ.”

सगळ्या हसल्या. एकीने तर विचारले, “सिस्टर, बरं वाटत नाय का तुम्हांला?”

बिरवाडीहून महाड आठ-दहा किलोमीटर. तळ्यावर आपण जातो ते 20 मार्चला, 25 डिसेंबरला, 14 एप्रिलला. पांढरी साडी, निळा झेंडा, उन्हात रांग, अभिवादन, भाषण, कडेवरचे पोर सांभाळत परत. त्या गर्दीत पुढच्या माणसाची मान तेवढी दिसते. आमच्यातल्या काकी पंचवीस वर्षे न चुकता जाणाऱ्या, पण तळ्याचे पाणी निवांत उभे राहून त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. शेवटी सातजणी तयार झाल्या. दोन रिक्षा केल्या आणि निघालो.

पाऊस गेल्यानंतरचे हे दिवस आपल्याकडे फार थोडे असतात. दुपारी ऑक्टोबरचे ऊन चटके देते, पण साडेचार-पाचनंतर हवा मोकळी होते. डोंगर अजून हिरवे असतात, खाली भात पिवळे पडलेले, कुठे कापणी चाललेली, रस्त्याकडेला पेंढ्याचा वास. सावित्री आणि काळ नदीचे पाणी निवळून तळ दिसू लागलेला. जुलैमध्ये याच नद्या घरात शिरतात याची आठवण 2021 च्या पुरानंतर महाड-बिरवाडीत कुणाला करून द्यावी लागत नाही. ऑक्टोबरात मात्र त्या शहाण्यासारख्या वाहतात. थंडी सुरू व्हायच्या आधीचा हा महिना चालायला सुरुवात करण्यासाठी आम्हाला सगळ्यात बरा वाटतो.

तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन तिरपे झाले होते. बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले. त्यानंतर काय करायचे हे कुणालाच कळेना. घोषणा द्यायची नाही, रांग नाही, कुणी माईकवरून सूचना देत नाही. सगळ्या आमच्याकडे पाहू लागल्या. आम्ही चप्पल सावरली आणि तळ्याच्या कडेने हळूहळू चालू लागलो, तशा त्याही निघाल्या.

पहिली फेरी सगळ्यांनी ओळीने आणि गप्प घातली, अंत्ययात्रेला निघाल्यासारखी. दुसऱ्या फेरीत दोघी-दोघी झाल्या आणि तोंडे सुटली. तिसऱ्या फेरीत एकीला तारेवर बसलेला खंड्या दिसला. त्याने पाण्यात सूर मारला, मासा घेऊन वर आला, आणि सातही जणी पोरींसारख्या ओरडल्या. दहा रुपयांचे खारे शेंगदाणे घेतले. किती फेऱ्या झाल्या, कुणी मोजल्या नाहीत.

मग काकींचे गुडघे बोलू लागले. शेजारीच बसायला जागा होती. काकी तिथे गेल्या, उभ्या राहिल्या, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच आम्हाला विचारले, “बसू का गं हितं? कोन काय बोलनार नाय ना?”

हे चवदार तळे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात झाला 1923 साली. महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव केला 1924 साली. ठराव कागदावरच राहिला म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब परिषदेच्या हजारो लोकांना घेऊन महाडच्या रस्त्यांवरून चालत या पाण्यापर्यंत आले. कोर्टातला निकाल लागायला त्यापुढे दहा वर्षे गेली, 17 मार्च 1937 उजाडला. हे सगळे काकींना तोंडपाठ आहे. विहारात त्याच सांगतात. आणि त्याच काकी या पाण्याच्या काठावर बसण्यासाठी परवानगी विचारत होत्या.

त्यांना कुणी अडवले नव्हते. समोरून बूट घातलेले दोन-तीन जण झपाझप फेऱ्या मारत गेले, त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही. पण बाग, तळे, मैदान, समुद्रकाठ ही फिरण्याची ठिकाणे दुसऱ्या कुणाची तरी आहेत, आपण तिथे झाडायला, पोर सांभाळायला किंवा मोर्चाला जायचे, हे मनात फार खोल बसलेले असते. आम्ही काकींचा हात धरून त्यांना बसवले आणि शेजारी बसलो. आरोग्याच्या पानावर हे कशाला, असे कुणाला वाटेल. नर्सिंगच्या नोकरीत आम्ही शेकडो बायांना “रोज चालत जा” असे सांगितले. त्यांतल्या फार थोड्या चालल्या. त्या आळशी आहेत असे आम्ही समजत होतो. खरे कारण त्या संध्याकाळी काकींच्या प्रश्नात ऐकू आले.

दुसरे कारण प्रत्येक वस्तीत ऐकायला मिळते, “आमी दिवसभर चालतोच की!” ही गोष्ट उडवून लावण्यासारखी नाही. शेतावर, रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बाईच्या अंगाला व्यायाम होतो, तिला वेगळी फेरी मारायला सांगणारा माणूस तिचा दिवस कसा जातो ते पाहिलेला नसतो. पण आपल्या वस्त्यांतले काम गेल्या वीस-तीस वर्षांत बदलले. कारखान्यात पॅकिंगला जाणारी ताई आठ तास एका जागी उभी असते. पोटरीचा स्नायू हा पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलणारा पंप आहे. पाऊल पडले की तो दाबला जातो. नुसते उभे राहिले की पंप बंद, रक्त खाली साचते, संध्याकाळी पाय सुजतात, शिरा निळ्या फुगतात. घरकामाचे चालणे म्हणजे चार पावले आणि थांबणे, चार पावले आणि वाकणे. डोक्यावर हंडा किंवा भारा असेल तर मान आणि गुडघे दबतात आणि श्वास रोखून धरल्याने रक्तदाब चढतो. हात मोकळे, डोके मोकळे आणि श्वास एका लयीत, असे सलग पंधरा मिनिटे चालणे आपल्या किती बायांच्या वाट्याला येते?

पुरुषांचे वेगळे. पाळीवरून आला की जेवला आणि झोपला. आपले जेवण भाताचे. भातातून साखर रक्तात लवकर उतरते. जेवून लगेच आडवे झाले की ती तिथेच फिरत राहते. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू ती साखर ओढून घेतात, आणि ज्याचे इन्सुलिन नीट काम करत नाही त्याच्याही शरीरात हे घडते. म्हणून मधुमेह असलेल्याला जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली हे गोळीच्या जोडीचे औषध आहे. गोळीच्या ऐवजी मात्र नाही. चालणे सुरू केले म्हणून आपल्या मनाने बीपीची गोळी बंद करणारे लोक आम्ही पाहिलेत, आणि त्यांतला एक अर्धांगवायू होऊन परत आलेलाही पाहिला.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम वेगाच्या हालचाली सांगते. म्हणजे दिवसाला अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. मध्यम वेग ओळखायला घड्याळ नको. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. आम्ही तळ्यावर चाललो तो वेग याहून खूपच कमी होता, हे कबूल. बसून असलेल्या माणसाला सुरुवात करायला तोच बरा. महिनाभर रमतगमत चालले की पाय आपोआप वेग धरतात. मोबाईलमध्ये दिवसाला दहा हजार पावले पूर्ण करायचे जे खूळ आलेय, त्याची फार चिंता करू नका. तो आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. 1960 च्या दशकात जपानमध्ये पावले मोजायचे एक यंत्र विकायला काढले, त्याच्या नावातून तो जगभर पसरला. आज दोन हजार पावले चालत असाल तर उद्या तीन हजार चाला.

रमतगमत चालण्याला आपल्या धम्मात फार जुने नाव आहे, चंक्रमण. बुद्धगयेला महाबोधी विहाराला लागून तथागतांच्या चंक्रमणाची जागा दाखवतात. ठरलेल्या छोट्या वाटेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, पावलांवर लक्ष ठेवून चालायचे. त्याला बाग लागत नाही. अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे पाच फायदे सांगितले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, परिश्रमाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लेले-प्यालेले नीट पचते, आणि चालताना साधलेली मनाची एकाग्रता दीर्घकाळ टिकते. पचनाचा मुद्दा वाचला तेव्हा आम्हाला आमच्या शतपावलीच्या सल्ल्याची आठवण झाली. मनाचा मुद्दाही साधा नाही. रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बायांना कितीदा तरी गोळीआधी घराबाहेर पडून अर्धा तास कुणाशी तरी बोलत चालायची गरज असते.

बाबासाहेबांच्या आयुष्यातही एक बाग आहे. 1917 च्या सप्टेंबरात, म्हणजे याच ऋतूच्या तोंडावर, ते बडोद्याला नोकरीसाठी गेले. अमेरिकेत शिकून आलेले, संस्थानच्या सेवेत, आणि शहरात राहायला जागा नाही. पारशी खानावळीतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास कुठे घालवायचे म्हणून ते कामाठी बागेत जाऊन बसले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. त्यांच्यासाठी शहरातली सगळी दारे बंद होती तेव्हा एक सार्वजनिक बाग उघडी होती. काकींना आम्ही हे तिथेच बसून सांगितले. त्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या.

बाबासाहेबांच्या प्रकृतीबद्दल आपण कमी बोलतो. त्यांना मधुमेह होता, रक्तदाब होता, पायांच्या नसांच्या दुखण्याने ते हैराण होते. रात्र-रात्र टेबलाशी बसून लिहिणारा माणूस. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षेच्या वेळी ते काठीच्या आणि नानकचंद रत्तू यांच्या आधाराने उभे होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, वयाच्या 65 व्या वर्षी ते गेले. त्यांचे आजार आज आपल्या घराघरात आहेत. त्यांच्या काळी नसलेल्या तपासण्या आणि औषधे आपल्याला गावच्या उपकेंद्रात मिळतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगर तिथे मोफत तपासतात. चालायला सुरुवात करण्याआधी तेवढे करून घ्या.

आता पायांविषयी, कारण आम्हाला सगळ्यात जास्त काळजी त्यांची आहे. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना जाते. वॉर्डात ड्रेसिंग करताना एका काकांच्या तळव्यातून आम्ही इंचभर खिळा काढला होता. किती दिवस तो आत होता हे त्यांना सांगता आले नाही. दुखलेच नव्हते. पुढे अंगठा काढावा लागला, नंतर पाऊल. म्हणून मधुमेह असलेल्याने अनवाणी चालू नये, घरातही. मागून पट्टा असलेली चप्पल किंवा साधे कॅनव्हासचे बूट, आत सुती मोजे. रात्री झोपताना तळवे बघायचे. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला दाखवायचे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी लांब जाऊ नये आणि पदराला दोन-चार साखरेच्या पुड्या बांधून ठेवाव्यात. हात थरथरले, घाम फुटला, डोके हलके झाले की जागीच बसायचे आणि साखर खायची. चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर घरी जाऊन झोपायचे नाही, 108 ला फोन करायचा.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, विंचू. जांभ्याच्या गडग्यात, लाकडाच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात तो असतो. ज्या बिरवाडीत आपण राहतो तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर नोकरीला लागले. तेव्हा लाल विंचू चावलेली धडधाकट पोरे डोळ्यांदेखत जात. डॉक्टर रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. 1982 साली त्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने त्यांनी असंख्य जीव वाचवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बिरवाडीच्या एका लहानशा दवाखान्यातून जगाला औषध सापडले, हे आपल्या मुलांना सांगा. आणि बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून आपटा, संध्याकाळी बॅटरी जवळ ठेवा. चावलाच तर मांत्रिक नको, दोरी नको, चिरणे नको. घाम, ओकारी, हातपाय गार पडणे ही धोक्याची खूण आहे. तडक दवाखाना गाठा. भातकापणीच्या दिवसांत सापालाही हेच.

राहिला प्रश्न जागेचा. रोज रिक्षा करून महाडला जाणे कुणाला परवडणार? बिरवाडीत मोठ्या रस्त्याने चालावे तर ट्रेलर अंगावर येतात, फुटपाथ नाही. म्हणून आम्ही असे ठरवले आहे. पहाटे किंवा संध्याकाळी विहाराचे अंगण, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अगदी चंक्रमणासारखे. ज्या दिवशी हवेत वास असेल, डोळे चुरचुरतील, त्या दिवशी दम्याच्या माणसाने घरातच हातपाय हलवावेत. रविवारी शाळेचे मैदान, नदीकाठची वाट, तेही घोळक्याने. एकटी बाई फिरताना दिसली की “रिकामटेकडी” म्हणणारी तोंडे सातजणींपुढे गप्प बसतात, हा आमचा ताजा अनुभव आहे. आणि ग्रामसभेत आपण नळ, गटार, दाखले यांविषयी बोलतो, तसे यापुढे दिवे आणि बाके असलेली चालायची एक जागाही लेखी मागायची. हा अर्ज आमच्या मंडळाने लिहायला घेतला आहे. इतर वस्त्यांना त्याची प्रत हवी असेल तर विहारात येऊन घेऊन जा.

त्या दिवशी तळ्यावरून उठताना दिवे लागले होते आणि पौर्णिमेचा चंद्र पाण्यात उतरला होता. परतीच्या रिक्षात एक ताई, जिच्या मुलाचा दारूपायी रोज घरात तमाशा असतो, ती म्हणाली की आज तीन तासांत तिला त्याची आठवण झाली नाही. कुणी काही बोलले नाही. काकींनी उरलेले शेंगदाणे तिच्या हातात दिले.

पुढच्या रविवारी आम्हाला वाटले कुणी येणार नाही. पाच वाजता विहारापाशी चौघी उभ्या होत्या. काकींनी सुनेला सोबत आणले होते, आणि पायात नातवाचे शाळेचे बूट होते, एक नंबर मोठे, पुढे कापडाचा बोळा कोंबलेले.